तिरपी धाव

आमच्या राजोडीत घाई अशी एकच, नालासोपाऱ्याची बस गाठण्याची. ती मला कधी जमली नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही सरळ धावता, तिथंच चुकता!"

मग त्याने इतिहासच काढला. 1993 साली 'डूम' हा व्हिडिओ गेम आला. त्यात पुढची आणि बाजूची अशी दोन्ही बटणे एकदम दाबली की गडी तिरपा पळतो, तोही सुमारे 28 टक्के जास्त वेगाने! संगणक बापडा दोन्ही वेग जोडून मोकळा. वरकड वेग छाटायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते. 1996च्या 'क्वेक'मध्ये तर लोक सशासारखे उड्या मारीत, हवेतच वळून वेग वाढवू लागले. 1997 साली काही मंडळींनी भाग वाटून घेऊन अख्खा खेळ 19 मिनिटे 49 सेकंदांत उरकला. 2000 साली 12 मिनिटे 23 सेकंदांत. तेवढ्यात माझी दाढीही होत नाही.

दुसऱ्या दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची शेवटची तारीख. बस सुटताना दिसली. मी तिरपा धावलो, मध्ये दोन उड्याही मारल्या आणि थेट केळीच्या वाडीत शिरलो.

म्हाताऱ्याला झटका आला असे वाटून ड्रायव्हरने बस थांबवली. इतक्या वर्षांत प्रथमच.