पावली : आपले क्वार्टर

अमेरिकेत पाव डॉलरच्या नाण्याला क्वार्टर म्हणतात. 1999 ते 2008 या काळात तिथे दर वर्षी पाच राज्यांच्या नावाने क्वार्टर निघाले, पन्नास राज्यांची पन्नास. लोकांनी ती सुट्या पैशांतून वेचून संच केले. आपल्या लोकांना अशी आवडच नाही, असे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. नाणी आपल्याकडेही निघत होती, सांगणारे कोणी नव्हते.

आपले क्वार्टर म्हणजे पावली. इथे भिलाईत तिला चवन्नी म्हणतात. इंग्रजांच्या काळी ती चांदीची होती. दुसऱ्या महायुद्धात तिच्यातली चांदी निम्म्यावर आली आणि 1946 साली चांदी जाऊन निकेल आले, मागे वाघ. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत सुरू झाली, चार आण्यांचे 25 नवे पैसे झाले. नाव मात्र पावलीच राहिले.

नेहरूंच्या निधनानंतर 1964 साली स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी आली, रुपया आणि पन्नास पैसे. पावलीची पाळी पुढे आली. 1980 ला ग्रामीण महिला, 1981 ला जागतिक अन्न दिन, 1982 ला एशियाड, 1985 ला वनविकास. यातली किती आपण निरखून पाहिली? बसच्या तिकिटात गेली सगळी. 1988 पासून गेंड्याची पोलादी पावली आली. (पोलाद म्हटले की भिलाईकर सरसावून बसतो, पण आपला कारखाना रुळांचा, नाण्यांच्या पोलादाशी त्याचा संबंध नाही.) 30 जून 2011 पासून पावली चलनातून गेली.

अमेरिकेत मोहीम सुरू झाली त्याच 1999 साली आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा रुपया आणि शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे निघाले. 2002 ला तुकोबांचा रुपया आला, 2007 ला टिळकांचे पाच रुपये. तुकोबा वाण्याच्या गल्ल्यात फिरले आणि कोणाला पत्ता नाही!

आता चिल्लर पाहायची कशी? सालाखाली बघा. चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. सुट्यांची टंचाई पडली तेव्हा सरकारने परदेशातूनही नाणी पाडून घेतली. 1985 च्या रुपयावर इंग्रजी एच अक्षर दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा.

किमतीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण यात आपल्या वयाची माणसे फसतात. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देऊ, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. फोन केला की आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने आणि बोधचिन्हानेही हे चालते. ऑगस्ट 2021 मध्ये बँकेने जाहीर केले की ती असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्क घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याला सहसा दर्शनी किमतीहून फार काही मिळत नाही. विकायचेच असेल तर नाणे समोरासमोर दाखवा, आगाऊ एक पैसा देऊ नका.

दुकानदार दहाचे नाणे नाकारतो तेव्हा त्याला सांगा, रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच चौदा नमुने मोजून सगळे चालतात असे म्हटले आहे. नाही घेतले त्याने, तर नाणे आधी उलटून बघा आणि मग खिशात ठेवा. 2022 ची अमृतमहोत्सवाची नाणी एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची आहेत. पाचांचा संच अजून नुसत्या सुट्या पैशांतून जमवता येईल.