वैनगंगेकाठची दानाची स्थळे

प्रवास म्हटला की मध्यम स्थितीतील गृहस्थाच्या मनात प्रथम खर्चाचा आकडा उभा राहतो. गाडीभाडे, उतरण्याची सोय, पाहण्याच्या प्रत्येक जागेचे तिकीट असा हिशेब मांडता मांडता पुष्कळांचा प्रवास घरच्या बैठकीवरच संपतो. अशा गृहस्थाने नागपूरच्या पूर्वेस असलेल्या भंडारा जिल्ह्याकडे एकवार अवश्य पाहावे. 2013 साली जाहीर झालेल्या कोका अभयारण्यासारख्या ठिकाणी प्रवेशशुल्क पडते, हे खरे. परंतु पवनीची टेकडी, वैनगंगेचे घाट, तलावांच्या पाळी आणि अंबागडचा किल्ला यांसाठी खिशात हात घालावा लागत नाही. ही स्थळे विनामूल्य का, याचे उत्तर पुष्कळसे त्यांच्या इतिहासातच सापडते.

पवनी हे वैनगंगेच्या उजव्या तीरावरील प्राचीन नगर. गावाभोवती मातीच्या तटाचे व खंदकाचे अवशेष अद्याप दिसतात. नदीकडे घाट उतरतात. आणि विदर्भातील अष्टविनायकांत गणला जाणारा पंचमुखी गणेश येथेच आहे. घाट आणि देवळे यांमुळे भाविक लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. परंतु या काशीच्या भूमीखाली तिच्याहूनही जुना इतिहास निजला होता. 1969-70 च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एक विशाल बौद्ध स्तूप प्रकट झाला. त्याचा व्यास सुमारे 40 मीटर, म्हणजे सांचीच्या महास्तूपाहूनही अधिक होता. येथील एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. फणा उभारून तो ज्या आसनाचे रक्षण करतो ते आसन मात्र रिकामे आहे. कारण बुद्धाची मूर्ती घडविण्याची प्रथा त्या काळी रूढ झालेली नव्हती.

या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावरील ब्राह्मी लेख विशेष मननीय आहेत. त्यांत राजाच्या पराक्रमाची प्रशस्ती नाही. हा खांब अमक्याचे दान, ही शिळा अमकीचे दान, एवढीच माहिती आहे. दात्यांत पाचही निकाय जाणणारा विद्वान आहे, तशा स्त्रियाही आहेत. एका लेखात तर आपले दान सर्व प्राण्यांच्या सुखास कारण होवो, अशी इच्छा प्रकट केली आहे. ज्याला संपूर्ण स्तूप उभारण्याची ऐपत नव्हती, त्याने एक खांब दिला. आणि अशा खांबाखांबांतून ते वैभव उभे राहिले. जे सर्वांच्या सुखासाठी दिले, त्याचे दर्शन आजही सर्वांना फुकट घडावे, हे योग्यच होय.

पवनीहून पूर्वेकडे साकोलीच्या वाटेस लागले की इतिहासाचे रूप पालटते. तेथे वीट आणि पाषाण यांच्या जागी पाणी दिसू लागते. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि त्या लौकिकाचे मोठे श्रेय कोहळी समाजाकडे जाते. गोंड राजाने काशीहून या कुशल लोकांना आणविले, अशी परंपरा आहे. दोन टेकड्यांमधील ओहोळ मातीच्या पाळीने अडवावा, पावसाळ्यातील जास्तीचे पाणी सांडव्याने जाऊ द्यावे, आणि एकावर एक भोके असलेल्या तुडुमातून पाणी बेताबेताने धानाच्या बांध्यांत सोडावे, ही त्यांची विद्या. नवेगावचा प्रसिद्ध बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. लोकांनी पुढे त्यालाच कोलासुर देव मानून पूजिले. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हा बांध तिकडे गेला. तथापि भंडाऱ्यातही लहान बोड्यांपासून विस्तीर्ण जलाशयांपर्यंत तलावांची वाण नाही. हिवाळ्याच्या सकाळी पाळीवर उभे राहावे, तर दूरदेशींच्या बदकांचे थवे पाण्यावर उतरताना दिसतात. त्या शोभेला मूल्य नाही आणि शुल्कही नाही.

याच्या उलट अंबागडची कथा आहे. तुमसरच्या उत्तरेस सातपुड्याच्या एका फाट्यावर हा किल्ला 1700 च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंद राजाचा अधिकारी राजा खान पठाण याने बांधला. पुढे भोसल्यांच्या अमलात तो बंदिशाळा झाला, आणि आतील विहिरीचे दूषित पाणी पाजून कैद्यांचा अंत करीत, असे लोक सांगत आले आहेत. स्तूप आणि तलाव आरंभापासून लोकांचे होते. हा किल्ला मात्र सत्ता गेल्यावरच लोकांस मोकळा झाला.

परंतु विनामूल्यतेची दुसरी बाजूही आहे. जेथे तिकीट विकणारा नसतो, तेथे बहुधा राखणाराही नसतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारीची व्यवस्था निर्दोष नव्हती. तरी दरवर्षी पाळीवर माती टाकण्याचे आणि गाळ उपसण्याचे काम कोणाचे, हे तीत गावाला ठाऊक असे. ते ज्ञान विस्कळीत झाले आणि अनेक तलाव गाळाने उथळ होत गेले. उघड्यावरील विटेची गतीही याहून निराळी होण्याचे कारण नाही.

म्हणून अल्पखर्चाच्या प्रवाशाने पवनीच्या टेकडीवर उभे राहून एवढे मनात आणावे की, प्रवेश फुकट आहे, पण ती वास्तू फुकट झालेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी एका गृहिणीने आपल्या संसारातून बाजूला काढलेल्या द्रव्याने तिचे मूल्य चुकते केले आहे. जाणाऱ्याने तेथील वीट हलवू नये, पाळीवर कचरा टाकू नये, आणि परतल्यावर शेजाऱ्याला त्या जागेची वाट सांगावी. ज्या स्थळाकडे लोकांचा राबता असतो, ते सहसा नष्ट होऊ दिले जात नाही.