अंगणातलं आभाळ

दोन वर्षांपूर्वी आम्ही गटातल्या चौघीजणी गावच्या अंगणवाडीत खाऊ घेऊन गेलो होतो. भिंतीवर चार ऋतूंचा तक्ता होता. त्यात मफलर घातलेला बर्फाचा माणूस. एका पोरानं विचारलं, "हिवाळ्यात आपल्याकडं बर्फ का पडत नाही?" जणू आपल्याच गावाचं काही चुकलंय!

वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा ही मोजणी थंड मुलखातली. आपल्या आज्यांनी तीन ऋतू मोजले, पंचांगानं सहा. गंमत अशी की १८७५ साली सुरू झालेलं आपलं हवामान खातंही चारच मोजतं. पण ते चार असे: थंडी, पावसाआधीचा उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा, आणि पाऊस परतल्यानंतरचे तीन महिने. तक्त्यात मात्र पावसाळाच नव्हता.

मुलांच्या भोवतालातूनच शिकवावं, हे आपल्याकडं नवं नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. विकतची महागडी साधनं कुठून आणायची? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं यांवरच शिकवणं सुरू झालं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बाईच त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. दिवसभर आभाळाखाली असणाऱ्या पोराकडं शाळा चालत गेली, हे आम्हाला फार मोठं वाटतं. पुढं २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाड्या देशभर निघाल्या. नाव सगळीकडं पोचलं, अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी तक्त्यामागं राहिलं.

आम्ही सेविकाताईंशी बोललो आणि प्रत्येक मुलाला एकेक डबी दिली. रोज सकाळी आभाळ बघायचं. ऊन असेल तर चिंचोका, ढग असेल तर खडा, पाऊस असेल तर सीताफळाची बी. मे महिन्यात वळीव आला तेव्हा वीज कडाडली की झाडाखाली थांबायचं नाही, घरात पळायचं, हे खेळातच शिकवलं. ७-८ जूनला मृग लागतो हे एका आजीनं सांगितलं. त्या दिवशी मुलं आभाळाकडं डोळे लावून बसली. पाऊस काही आला नाही, आणि आजीवर पोरं रुसली.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या एका मुलीची डबी तशीच राहिली. एप्रिलमध्ये ती परत आली. रिकामी डबी बघून म्हणाली, "तिकडं लई थंडी होती, पाचटावर दव पडायचं. त्याला काय टाकू?"

दवासाठी आमच्याकडं काहीच ठरलेलं नव्हतं. तिनंच अंगणातला एक पांढरा खडा उचलला.