दोनशेंतला एक : जोखमीचा हिशेब आणि माणसाचा निर्णय

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक जुना वाद निवडला आहे. धरण असो, अणुभट्टी असो, नवं औषध असो, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न निघाला की दोन पक्ष पडतात, हे आपण नेहमी पाहतो. एक पक्ष आकडे मांडतो. दुसरा म्हणतो, तुमचे आकडे तुमच्यापाशी ठेवा, माझ्या पोराला काही झालं तर काय? मग पहिला दुसऱ्याला अडाणी ठरवतो आणि दुसरा पहिल्याला निर्दय. वाद तिथेच थांबतो, पुढे सरकत नाही. आमचं म्हणणं असं की हा वाद अडाणी आणि शहाणे यांच्यातला नाही. तो पहिल्यांदा नीट मांडला गेला तेव्हा दोन्ही बाजूंना युरोपातले पहिल्या प्रतीचे गणिती उभे होते.

त्यासाठी आधी देवीच्या रोगाकडे जावं लागेल. आज तिशी-चाळिशीत असलेल्यांनी हा रोग पाहिलेला नाही. आमच्या पिढीच्या दंडावर मात्र त्याच्या लशीचे व्रण अजून आहेत. अठराव्या शतकात देवी येणं हा जगण्याचाच भाग होता. आलेल्यांपैकी साधारण सातवा-आठवा माणूस दगावायचा, वाचलेल्यांपैकी कित्येकांचे चेहरे कायमचे विद्रूप व्हायचे, काहींचे डोळे जायचे. पण एकदा देवी येऊन गेली की पुन्हा येत नाही, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. त्यातूनच आशियात आणि आफ्रिकेत टोचणीची रीत निघाली. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला थोडा द्रव घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या कातडीला बारीकसा छेद देऊन त्यात घालायचा. त्याला देवी यायच्या, पण बहुधा सौम्य. बहुधा! काही जण या टोचणीनंच मरायचे. आपला सगळा प्रश्न या ‘बहुधा’त आहे.

१७२१ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात देवीची मोठी साथ आली. कॉटन मॅथर नावाच्या धर्मोपदेशकाला टोचणीची माहिती मिळाली होती ती त्याच्या घरी गुलाम असलेल्या ओनेसिमस या आफ्रिकी माणसाकडून. मॅथरनं शहरातल्या डॉक्टरांना गळ घातली. तयार झाला एकटा झॅबडिएल बॉयल्स्टन. शहर खवळलं. मॅथरच्या घराच्या खिडकीतून पेटता हातबॉम्बसुद्धा फेकला गेला. गंमत बघा, वैद्यकाची रीतसर पदवी असलेला शहरातला एकमेव डॉक्टर, विल्यम डग्लस, टोचणीच्या विरोधात होता. म्हणजे विद्या एका बाजूला आणि अंधश्रद्धा दुसऱ्या बाजूला, असं सोपं चित्र तेव्हाही नव्हतं.

साथ ओसरल्यावर मोजदाद झाली. देवी आलेले जवळजवळ ५,९००, त्यांतले मेलेले ८४४. म्हणजे सातात एक. टोचणी घेतलेले सुमारे अडीचशे, त्यांतले मेलेले ६. म्हणजे चाळिसांत एक. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस जेम्स ज्युरिन यानं मग पत्रं मागवून ठिकठिकाणचे असे आकडे जमवले आणि छापले. एखादा उपाय चांगला की वाईट हे ग्रंथांच्या आधारावर ठरवायचं सोडून दोन रकाने मांडून ठरवायचं, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

आता येऊ पॅरिसला. ३० एप्रिल १७६० रोजी तिथल्या विज्ञान अकादमीत एक निबंध वाचला गेला. कर्ता डॅनिएल बर्नुली, बासेलचा, वाहत्या द्रवाच्या सिद्धांतामुळे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला. त्यानं विचारलं, सगळ्यांना जन्मतःच टोचणी दिली तर सरासरी आयुष्य कितीनं वाढेल? अशी आकडेवारी तयार नव्हती. त्यानं हॅलीनं १६९३ साली ब्रेस्लाव शहरासाठी केलेला मृत्यूंचा तक्ता घेतला आणि दोन गृहीतकं धरली. ज्यांना देवी आलेल्या नाहीत त्यांच्यातल्या आठव्या हिश्श्याला दर वर्षी त्या येतात, आणि आलेल्यांतला आठवा हिस्सा मरतो. यावरून समीकरण मांडून त्यानं उत्तर काढलं. देवी असताना सरासरी आयुष्य २६ वर्षं ७ महिने. देवी नसत्या तर २९ वर्षं ९ महिने. तीन वर्षांहून थोडा जास्त फायदा. टोचणीनं दोनशेंत एक मरतो असं धरलं, तरी या फायद्यात अगदी किरकोळ घट होते. बर्नुलीचा निष्कर्ष सरळ होता. राजाला प्रजा हवी असेल, तर टोचणीला उत्तेजन दिलंच पाहिजे.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला अकादमीच्या जाहीर सभेत झां दालांबेर उभा राहिला. तोही मोठा गणिती, दिदेरोबरोबर विश्वकोशाचा संपादक. आणि लक्षात घ्या, तो टोचणीच्या विरोधात नव्हता. त्याचा आक्षेप बर्नुलीच्या युक्तिवादावर होता. एक म्हणजे, कोणत्या वयात देवीनं किती मरतात याची नोंदच नाही, मग सगळ्या वयांना एकच आठवा हिस्सा कसा लावता? दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. टोचणीचा धोका आत्ताचा आहे, महिन्याभराच्या आतला. देवीचा धोका सगळ्या आयुष्यावर पसरलेला. आणि वाढलेली ती तीन वर्षं मिळणार कधी? आयुष्याच्या शेवटाला, जेव्हा त्यांचा उपभोग घेण्याची ताकद सगळ्यात कमी. आजचा मृत्यू आणि चाळीस वर्षांनंतरचा लाभ एकाच तराजूत कसे घालायचे?

हे जरा आपल्या उदाहरणानं पाहू. दहा माणसं आहेत, प्रत्येकाची चाळीस वर्षं उरली आहेत. एक उपाय निघाला. त्यानं नऊ जणांना पन्नास वर्षं मिळतात आणि दहावा आजच जातो. सरासरी काढा. नऊ गुणिले पन्नास, भागिले दहा, उत्तर पंचेचाळीस. सरासरी पाच वर्षांनी वाढली! गावाच्या वहीत हा फायदाच दिसेल. पण ही पंचेचाळीस वर्षं जगणारा माणूस या दहांत कोणी आहे का? एकही नाही. सरासरी आयुष्य कोणीच जगत नसतं. राज्यकर्त्याला वहीतला आकडा दिसतो. दारात उभ्या बापाला दिसतं की दहावा आपलाच मुलगा असू शकतो. दालांबेरचं म्हणणं असं होतं की राज्याचं हित आणि व्यक्तीचं हित हे दोन वेगळे हिशेब आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

बर्नुली दुखावला. निबंध छापून आला १७६६ मध्ये, आणि त्याला जोडलेल्या प्रस्तावनेत त्यानं टीकाकारांना सुनावलं की आधी विषय समजून घ्या. आमच्या मते मात्र दोघांनाही विषय समजला होता. त्यांचे प्रश्न वेगळे होते. बर्नुली विचारत होता, सगळ्यांसाठी काय चांगलं? दालांबेर विचारत होता, एकट्यानं कशावर विश्वास ठेवायचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर लादलं की लोक बिथरतात. दुसऱ्या प्रश्नाच्या नावाखाली पहिला टाळला की लोक मरतात.

आणि काही न करणं म्हणजे सुरक्षित राहणं, असंही नाही. बेंजामिन फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली देवीनं गेला. त्याला टोचणी दिली नव्हती. फ्रँकलिननं आत्मचरित्रात या गोष्टीची खंत नोंदवली आहे आणि इतर आईबापांना सांगितलं आहे की पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच असू शकतो, तेव्हा कमी धोक्याची वाट धरावी. दालांबेरला याहून चांगलं उत्तर कोणी दिल्याचं आम्हांला आठवत नाही, कारण ते सरासरीच्या भाषेत नाही, बापाच्या भाषेत आहे.

या दोघांच्या हिशेबात एक तिसरा माणूस मात्र राहिला होता. टोचणी घेतलेल्याला खऱ्याच देवी यायच्या आणि त्या शेजाऱ्याला लागायच्या. माझा धोका मी पत्करीन, पण शेजाऱ्यानं का पत्करावा? १७६३ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेनं शहरात टोचणी करायला बंदी घातली, ती याच भीतीनं. पुढे १० मे १७७४ रोजी राजा पंधरावा लुई देवीनंच मेला, आणि दीड महिन्याच्या आतच नव्या राजानं स्वतःला टोचून घेतलं. अकादमीतल्या समीकरणानं जे झालं नव्हतं, ते राजवाड्यातल्या एका मृत्यूनं झालं. माणूस असाच आहे.

१७९६ मध्ये जेन्नरनं गायीच्या आचळांवरच्या फोडांतल्या द्रवाची लस आणली. ती खूपच कमी धोक्याची होती आणि तिच्यामुळे शेजाऱ्याला देवी येत नसत. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा यशस्वी झाली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर. ‘देवी काढणे’ हा आपल्या आजी-पणजीच्या तोंडचा शब्दप्रयोग याच लशीचा. १८७७ साली मुंबई शहरात ती कायद्यानं सक्तीची झाली.

मुंबईत बर्नुली-दालांबेर वादाचा खरा कस मात्र प्लेगच्या काळात लागला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. आकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवी भागातला आजार प्लेग आहे हे ओळखलं. ओडेसाहून आलेला वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवण्याच्या कामाला लागला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना. त्याच वर्षी पुण्यात सरकारनं घरोघर सैनिक पाठवून काय केलं आणि २२ जूनच्या रात्री त्याचा शेवट कशात झाला, हे या सभागृहात सांगायला नको. एकाच साथीत दोन मार्ग दिसले. एक माणूस स्वतःच्या दंडापासून सुरुवात करतो, दुसरीकडे सत्ता लोकांच्या माजघरापासून.

तरीही अपघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वातानं मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाकीचे ८८ सुखरूप. हाफकिनवर ठपका आला. जंतू मारण्याची पद्धत त्यानं बदलली होती, तेव्हा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा, असं चौकशीत धरलं गेलं आणि त्याला पदावरून दूर व्हावं लागलं. पण त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष नोंदलेली होती. तिला वजन मिळायला पाच वर्षं गेली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, मग हाफकिन निर्दोष ठरला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं.

इथे तर्काचा एक मुद्दा आहे. ‘इतक्या लाखांत फक्त एकोणीस’ असं म्हणून हा प्रश्न मिटत नव्हता. हे १९ मृत्यू लशीच्या स्वभावातले होते की पडलेल्या चिमट्याचे, ते सरासरी सांगू शकत नाही. ते सांगतो तो तपास, त्या एका बाटलीचा, त्या एका सकाळचा. आकडा धोका किती ते सांगतो. धोका का, ते शोधायला माणसांना विचारावं लागतं. आणि हाफकिनला न्याय मिळाला हे चांगलंच झालं, पण त्याच्या नावाची संस्था आपल्याला माहीत आहे, त्या एकोणीस जणांपैकी एकाचंही नाव आपल्यापैकी कोणाला माहीत नाही. दालांबेर हेच तर विचारत होता.

मग या वादाला उत्तर आहे का? गणितानं नाही, पण कायद्यानं थोडंफार शोधलं आहे. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये, फ्रान्सनं १९६४ मध्ये आणि अमेरिकेनं १९८६ मध्ये असे कायदे केले की सर्वांच्या हिताच्या लशीमुळे एखाद्याला इजा झाली, तर भरपाई समाजानं द्यायची, कोणाची चूक ती सिद्ध करण्याची अट न घालता. यामागचा विचार साधा आहे. नव्व्याण्णव जणांचा फायदा ज्या एकाच्या वाट्याच्या धोक्यावर उभा आहे, त्याला एकट्याला सोडू नका.

आपल्याकडे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं करोनाच्या लशीबद्दल निकाल दिला. त्यात सरकारचं लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असं म्हटलं. कोणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, असंही म्हटलं. आणि लशीच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना पाहता येतील अशी व्यवस्था करायला सांगितलं. आम्हांला तो निकाल वाचताना १७६० सालची ती अकादमी दिसली. बर्नुलीला त्याची जागा दिली आहे, दालांबेरला त्याची, आणि दोघांच्या मध्ये उघडी वही ठेवली आहे.

देवीची सांगता आपल्याला माहीतच आहे. भारतातला शेवटचा रोगी १९७५ मधला, आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं. बर्नुली जिंकला असं म्हणायला हरकत नाही. पण तो जिंकला तो केवळ समीकरणामुळे नाही. लस अधिक सुरक्षित झाली, घरोघर हिंडणाऱ्या टोचणाऱ्यांनी लोकांशी बोलून, समजूत घालून काम केलं, रोगी कुठे आहे ते शोधून त्याच्याभोवतीच्यांना टोचलं. म्हणजे दालांबेरचे आक्षेप एकेक करून कमी केले, तेव्हा.

तेव्हा पुढच्या वेळी असा वाद तुमच्या घरात निघेल, आणि तो निघणारच, तेव्हा आकडे मांडणाऱ्याला विचारा, हा हिशेब कोणाचा, यातला दोनशेंतला एक कोण, आणि त्याच्यामागे कोण उभं राहणार? आणि आकडे नाकारणाऱ्याला विचारा, काही न करण्यानं जे मरतील, ते तुमच्या वहीत कुठे लिहिले आहेत? दोघांनाही उत्तर देता आलं पाहिजे. एवढं सांगून आम्ही थांबतो. आता प्रश्न विचारा.