गवंड्यांच्या पंगतीत मोझार्ट

आजवर मी सहा मंडळांचा सभासद झालो. त्यांतली दोन बुडाली, तीन फुटली आणि उरलेल्या एकाने वर्गणी थकल्याबद्दल माझं नाव फळ्यावर लावलं. त्यामुळे मोझार्ट फ्रीमेसन मंडळींचा सभासद होता हे वाचल्यावर मला पहिली काळजी वाटली ती त्याच्या वर्गणीची!

फ्रीमेसन म्हणजे नावाने गवंडी. गुण्या, ओळंबा, कंपास ही त्यांची चिन्हं. पण या गवंड्यांपैकी बहुतेकांनी जन्मात वीट उचलली नसेल. व्हिएन्नात त्यांच्यात सरदार होते, विद्वान होते, व्यापारी होते. १४ डिसेंबर १७८४ रोजी मोझार्ट त्यांच्या एका लॉजमध्ये दाखल झाला. पुढच्या वर्षी हायडन दुसऱ्या एका लॉजमध्ये शिरला आणि मोझार्टचे तीर्थरूप लिओपोल्डही 'बंधू' झाले. बापलेक एकमेकांचे बंधू! आमच्या घरी हे सांगायची सोय नाही.

याला असली हौस का सुटावी? उत्तर १७८१ सालच्या एका पंगतीत आहे. साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या पदरी असताना हा नामांकित कलावंत जेवायला बसे तो हुजऱ्या-आचाऱ्यांबरोबर. वडिलांना त्याने पत्रातून तसं कळवलंही होतं. लॉजमध्ये मात्र सरदाराच्या शेजारी खुर्ची! तसल्या पंगतीतला घास ज्याने गिळलाय त्यालाच त्या खुर्चीची किंमत कळेल.

बंधुभावाची खरी परीक्षा अर्थात उसनवारीत. जून १७८८ मध्ये मोझार्टने पुखबर्ग नावाच्या व्यापारी बंधूकडे एक-दोन हजार गुल्डन मागितले. त्याने दोनशे पाठवले आणि पत्रावरच तशी नोंद केली. व्यापारी तो व्यापारीच! पण उसने मागणारा दिसला की आपण गल्ली बदलतो, हा गृहस्थ पुढेही पाठवत राहिला. आणि त्याच उन्हाळ्यात, दोन-अडीच महिन्यांत, मोझार्टने आपल्या शेवटच्या तीन सिंफनी लिहून काढल्या.

३० सप्टेंबर १७९१ रोजी रंगभूमीवर आलेल्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये या मंडळींच्या खुणा जागोजागी आहेत. तीन बायका, तीन मुलं, सुरुवातीलाच घुमणारे ते भारदस्त सूर. नायक मौनाच्या, अग्नीच्या, पाण्याच्या कसोट्या पार करतो. पाखरं धरणारा पापागेनो मात्र मौनातच नापास! तोंड बंद ठेवणं त्याच्या बापजन्मी जमायचं नाही. तरी मोझार्टने त्याला हाकलून दिलं नाही. खायला-प्यायला दिलं, जोडीला पापागेना दिली आणि गाणी तर अशी दिली की नायकाने हेवा करावा. परीक्षेत नापास झालेल्यांनाही ज्याच्या मंडळात जागा आहे, त्याच्या मंडळाची वर्गणी मी आगाऊ भरायला तयार आहे.

नोव्हेंबरात त्याने लॉजच्या नव्या वास्तूसाठी एक कँटाटा रचला आणि स्वतः उभं राहून सादर केला. ५ डिसेंबरला तो गेला. वय पस्तीस. बंधूंनी पुढे तोच कँटाटा त्याच्या बायको-मुलांच्या मदतीसाठी छापून काढला.

पुखबर्गच्या गुल्डनांचा हिशेब त्याच्या हयातीत काही मिटला नाही. पण त्या दोनशेंवरचं व्याज आपण सगळे अजून खातोय!