इंजिन कूलंट : जुन्या पिकअपसाठी निवड

इंजिनातील जादा उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणाऱ्या द्रवाला कूलंट म्हणतात. पाणी, ग्लायकॉल (बहुधा एथिलीन ग्लायकॉल) आणि गंजरोधक रसायने हे त्याचे तीन घटक. पाणी उष्णता वाहून नेते, ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू वाढतो व गोठणबिंदू उतरतो, तर गंजरोधके ब्लॉक, हेड, वॉटर पंप आणि रेडिएटर यांचे धातू राखतात. जुन्या वाहनासाठी कूलंट निवडताना रेडिएटर कोणत्या धातूचा आहे, आत आधीपासून काय भरलेले आहे आणि मिसळायचे पाणी कसे आहे, हे पाहावे लागते.

स्थानिक परिस्थिती : पालघर, बोईसर व तारापूर परिसरात पाणी गोठण्याचा प्रश्न येत नाही, उकळणे आणि गंजणे हेच खरे धोके. सातपाटीची मासळी, डहाणू-घोलवडचे चिकू आणि तारापूर एमआयडीसीतला माल टाटा २०७, बोलेरो पिकअप किंवा ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी, २००५ साली आलेली टाटा एस अशा गाड्यांतून जातो. जव्हार-मोखाड्याकडचा चढ भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिन भरपूर तापते, पण वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा पुरत नाही. महामार्गावरच्या कोंडीतही हेच घडते. किनाऱ्यालगतच्या विहिरी व बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. त्यातील क्लोराइडमुळे अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचून त्या चोक होतात.

प्रमाण : वातावरणीय दाबाला ५० टक्के ग्लायकॉलचे मिश्रण सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. सुमारे ०.९ किलो दाबाचे रेडिएटर झाकण नीट बसलेले असेल तर उत्कलनबिंदू आणखी वीसेक अंशांनी चढतो. म्हणून रबर कडक झालेले किंवा स्प्रिंग सैल पडलेले झाकण बदलल्याशिवाय चांगल्या कूलंटचाही पुरता उपयोग होत नाही. ग्लायकॉल जितके जास्त तितके चांगले, हा समज चुकीचा आहे. पाण्याची उष्णता वाहण्याची क्षमता ग्लायकॉलपेक्षा अधिक असल्याने घट्ट मिश्रणाने इंजिन उलट जास्त तापू शकते. उष्ण प्रदेशात उत्पादकाने मुभा दिली असल्यास ३० ते ३५ टक्के प्रमाण चालते. मात्र त्याहून पातळ मिश्रणात गंजरोधके अपुरी पडतात.

प्रकार : जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी अकार्बनी गंजरोधके असतात. ती लवकर संपतात, म्हणून असे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले कूलंट साधारण पाच वर्षे टिकते. दोन्हींचा मेळ घालणारा संकरित प्रकारही मिळतो. रंग हा केवळ मिसळलेला रंग असतो; हिरवे, लाल किंवा निळे यावरून प्रकार ठरत नाही. डब्यावरचे मानक पाहावे : भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकी एएसटीएम डी ३३०६, जड डिझेल इंजिनांसाठी एएसटीएम डी ६२१०.

निवड : तांबे-पितळेचा, शिशाच्या डागाने जोडलेला रेडिएटर असलेल्या जुन्या गाडीला अकार्बनी किंवा संकरित कूलंट अधिक मानवते, कारण काही सेंद्रिय प्रकार डागाच्या जोडांना पुरेसे संरक्षण देत नाहीत. अॅल्युमिनियमचा गाभा व प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर बसवलेला असेल तर सेंद्रिय कूलंट योग्य ठरते. गाडीच्या पुस्तिकेत प्रकार दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. वेगवेगळे प्रकार एकत्र केल्यास गंजरोधकांचा जोर ओसरतो, कधी चिकट गाळही धरतो. आत काय आहे ते माहीत नसेल तर वरून भर न घालता पूर्ण फ्लश करणे श्रेयस्कर. कॉन्सन्ट्रेट वापरताना डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच घ्यावे. रेडी-मिक्समध्ये आणखी पाणी घालू नये.

बदलण्याची रीत : इंजिन थंड झाल्यावरच झाकण उघडावे. हीटर असल्यास त्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून रेडिएटरच्या ड्रेन कॉकमधून व ब्लॉकच्या प्लगमधून जुने पाणी सोडावे. तांबूस पाणी गंज दाखवते, तर दुधाळ किंवा तेलकट पाणी हेड गॅस्केट अथवा ऑइल कूलर गळत असल्याची शंका निर्माण करते. स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करून होज पाइप, क्लिप, फॅन बेल्ट व वॉटर पंपाची गळती तपासावी. फ्लश केल्यावर ब्लॉकमध्ये काही पाणी उरतेच, त्यामुळे शेवटचा फ्लश डिस्टिल्ड पाण्याचा असावा. क्षमता ८ लिटर आणि निघालेले पाणी ५ लिटर असेल, तर आत ३ लिटर शिल्लक असते. ५० टक्क्यांसाठी आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि मग १ लिटर पाणी भरावे. इंजिन चालवून हवा निघून गेल्यावर आणि ते थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. प्रमाणाची खात्री रिफ्रॅक्टोमीटरने होते.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजांतली सवय घातक आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, डिझेल जास्त लागते व सिलिंडरची झीज वाढते. तापण्याचे मूळ कारण तसेच राहते.

सुरक्षितता : एथिलीन ग्लायकॉल गोडसर पण विषारी असते; पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सांडलेले कूलंट मुले, कुत्री व गुरे चाटू शकतात, म्हणून ते लगेच पुसावे. वापरलेले कूलंट गटारात किंवा नाल्यात न सोडता झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत घातक कचरा संकलकाकडे द्यावे.