तीन मिनिटांची तबकडी आणि तिचे परीक्षक

संगीताच्या इतिहासांत गवयांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं गेलीं; श्रोत्यांचें चरित्र मात्र क्वचितच कोणी लिहिलें. वास्तविक ग्रामोफोनची तबकडी आली त्या दिवसापासून परीक्षकाचें आसन मैफलींतून उठून घराघरांत गेलें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हां एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गायन मावे. तासभर फुलणारा ख्याल एवढ्याशा अवधींत कसा बसावा, हा प्रश्न जाणत्यांस पडला. भास्करबुवा बखले व अल्लादियाखां यांच्यासारख्या थोरांची ध्वनिमुद्रिका मागें राहिलीच नाहीं. सामान्य श्रोत्याला मात्र त्या तीन मिनिटांत एक नवा अधिकार सांपडला. आवडलें तर पुन्हां लावावें, न आवडलें तर सुई उचलावी.

या अधिकाराची कसोटी १९५० नंतरच्या दशकांत लागली, आणि वादाच्या दोन्ही बाजूंस मराठी माणसेंच उभीं होतीं. एका बाजूस रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. नगर जिल्ह्यांतील पुणतांब्यास १९१८ सालीं जन्मलेले हे गृहस्थ विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमींत शिकलेले. परंतु ‘शहनाई’ (१९४७) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत त्यांनीं सॅक्सोफोन, ट्रम्पेट व बोंगो यांचा मनमुराद उपयोग केला. गोव्यांतील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांचे सहकारी होते. दुसऱ्या बाजूस डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांतील उथळ शब्द आणि पाश्चात्य चालींची मिसळ यांमुळें लोकांची अभिरुचि बिघडते, असें त्यांचें ठाम मत होतें.

१९५२ सालीं आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस कात्री लागली. गीतें निवडून घ्यावीं, आणि चित्रपटाचें नांव उच्चारूं नये, असें ठरलें. नांव उच्चारणें म्हणजे फुकट जाहिरात, ही सरकारची बाजू. नांवावांचून गीत वाजविणें अन्यायाचें, ही निर्मात्यांची बाजू. अखेर निर्मात्यांनीं परवानेच मागें घेतले व तीं गीतें आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. त्याच वर्षीं रेडिओ सीलोननें अमीन सयानी यांच्या निवेदनानें ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. कोणत्या तबकडीला कितवा क्रम द्यावा, हें तेथें विक्रीचे आंकडे आणि श्रोत्यांचीं पत्रें यांवरून ठरूं लागलें. परीक्षक बदलला होता.

या बदलाचा अर्थ मोठ्या शहरांपेक्षां नांदेड-लातूरसारख्या गांवीं अधिक स्पष्ट दिसतो. निजामी राजवटींत राज्यकारभाराची भाषा उर्दू. घरांत आणि बाजारांत मराठी. सप्टेंबर १९४८ मध्यें ती राजवट संपली, आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत येथील सर्वसामान्य माणसानें सरकार निवडण्यासाठीं मत दिलें. हैदराबाद व औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्रें १९५० सालीं आकाशवाणीकडे आलीं. परंतु नांदेडला किंवा तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत असलेल्या लातूरला स्वतःचें केंद्र नव्हतें. मध्यम लहरी दिवसां दूरवर पोंचत नाहींत. लघुलहरी मात्र वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेंकडों कोस जातात. त्यामुळें तेराशें किलोमीटरांहून दूर असलेलें कोलंबो अशा गांवांस शेजाऱ्यासारखें जवळचें झालें. ज्या माणसानें नुकतेंच मत द्यावयास शिकावें, त्यानें रेडिओची कळ फिरवून दुसरेंहि मत द्यावें, यांत आश्चर्य तें काय?

१९५७ सालीं ‘आशा’ चित्रपटांतील ‘ईना मीना डीका’ ही तबकडी आली. अमेरिकेंतील रॉक अँड रोलचा तडाखा तिच्यांत होता. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या गणतीवरून तिचें ध्रुपद सुचलें, आणि त्यांतील कोंकणी शब्द एका गोमंतकीय सहकाऱ्यानें पुरविले, असें सांगितलें जातें. अर्थाच्या दृष्टीनें पाहतां तें सारें निरर्थकच होय. एका किशोरकुमारच्या व दुसऱ्या आशा भोसले यांच्या आवाजांत तें उतरलें. वडीलधाऱ्यांनीं ज्याला धांगडधिंगा म्हणावें, त्यावरच मुलांनीं ताल धरावा, हा प्रकार सर्वत्र सारखाच. पुढें १९८० च्या सुमारास लंडनमध्यें त्याच जुन्या अमेरिकन ढंगांत पंकचा कर्कशपणा मिसळून ‘मीटिऑर्स’ या मंडळीनें ‘सायकोबिली’ नांवाचा प्रकार रूढ केला. तेथेंहि छोट्या तबकड्यांवरून हाच प्रश्न उभा राहिला : हें संगीत कीं गोंगाट?

त्याच १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीनें ‘विविध भारती’ सुरू केली, आणि चित्रपटगीत सन्मानानें घरीं परतलें. श्रोत्यांचा हा विजयच म्हणावयाचा. तथापि केसकरांची बाजू सर्वस्वी फोल ठरली असें मानणें अन्यायाचें होईल. त्यांच्याच कारकीर्दींत, १९५२ सालीं, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. थोर गवयांचें गाणें ज्यांना मैफलींत कधींच ऐकावयास मिळालें नसतें, त्यांच्या दारीं तें पोंचलें. त्यांनीं श्रोत्यांस जें दिलें तें टिकलें. श्रोत्यांपासून जें हिरावून घेऊं पाहिलें तें मात्र त्यांच्या हातीं राहिलें नाहीं.

सी. रामचंद्रांच्या बाबतींत काळानें आणखी एक निवाडा दिला. ‘ईना मीना डीका’वर मुलांना नाचविणाऱ्या याच संगीतकाराची ‘ऐ मेरे वतन के लोगो’ ही रचना लता मंगेशकरांनीं २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत गायिली, आणि हजारोंचे डोळे पाणावले. उथळ आणि गंभीर अशा दोन चौकटी आंखून कलावंतांची वांटणी करणाऱ्यांस हें उदाहरण अडचणीचें आहे. श्रोत्यांस तें कधींच अडचणीचें वाटलें नाहीं. त्यांनीं दोन्ही तबकड्या एकाच पेटींत जपून ठेवल्या.